शेततळ्यातला तरंगता पिंजरा

तरंगता पिंजरा म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या चौकटीला टांगलेली जाळीची पेटी. मासे त्यातच वाढतात आणि पेटी वर घेतली की हाती येतात. जाळे ओढावे लागत नाही, त्यामुळे शेततळ्यातला प्लॅस्टिकचा कागद फाटत नाही.

शहापूर-मुरबाडकडे मुख्य प्रश्न पाण्याचा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. पण त्यांचे पाणी जाते मुंबईला. जुलैत तुडुंब भरलेली तळी उन्हाळ्यात आटतात. जाळीच्या तळाखाली निदान १ मीटर पाणी हवे, कारण विष्ठा आणि उरलेले खाद्य खाली कुजून तिथला प्राणवायू संपतो. जाळी सव्वा मीटर बुडणार असेल, तर सव्वादोन मीटर पाणी टिकेल तोवरच पिंजरा चालवावा.

चौकट २ मीटर लांब-रुंद पुरते. चार जाड बांबू नायलॉनच्या दोरीने आवळायचे आणि कोपऱ्यांत ५० लिटरचे घट्ट झाकणाचे चार रिकामे ड्रम बांधायचे. ते मिळून दोनशे किलोच्या आसपास भार पेलतात. चौकट आणि जाळी त्याहून बऱ्याच हलक्या. बांबूची टोके घासून गुळगुळीत करावीत. खर्चात काटकसर कुठेही करा, जाळीत नको. ती बिनगाठीची, एचडीपीईची घ्यावी. गाठीला घासून माशाचे खवले निघतात. जाळीची आस, म्हणजे भोक, बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) जाडीपेक्षा बारीक हवी. खालच्या कोपऱ्यांना गोटे बांधले की जाळी ताठ राहते. वरूनही जाळी हवीच, नाहीतर पाणकावळे आयते जेवतील. कागद घातलेल्या तळ्यात पिंजरा बांधायच्या खुंट्या बांधावर, कागदाबाहेर ठोकाव्यात आणि दोर पाण्याच्या चढ-उताराइतका सैल ठेवावा.

अशा पिंजऱ्यात सुमारे ५ घनमीटर पाणी मावते. सुरुवातीला दीडशे बोटुकली पुरे. कटला हा पाण्यातले सूक्ष्म जीव खाणारा मासा. म्हणून पिंजऱ्याला टाकलेले खाद्य खाणारे पंगस किंवा तिलापिया बरे. तरंगते खाद्य वजनाच्या साधारण ३ टक्के द्यावे: मासे शंभर ग्रॅमचे झाले की दीडशेंना दिवसाला ४५० ग्रॅम, दोन वेळांत विभागून.

जाळीवर शेवाळ धरले की पाणी खेळत नाही, म्हणून ती ब्रशने वरचेवर घासावी. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड वासत असतील तर प्राणवायू कमी पडला आहे. त्या दिवशी खाद्य बंद ठेवून पंपाने पाणी उडवावे. पिंजऱ्यातल्या माशांना मोकळ्या माशांप्रमाणे दुसरीकडे जाता येत नाही.

तिलापिया पाळण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी. पुराच्या पाण्याबरोबर तो ओढ्यात गेला, तर परत आणता येत नाही.