दप्तर कोणाच्या हवाली? (लेखांक ६)

विद्यापीठाने स्वतःचे संगणक विकत घेऊन, त्यांसाठी खोली बांधून आणि देखभालीस माणसे नेमून जे काम करावयाचे, तेच दूरच्या कंपनीच्या यंत्रसंचावर, वापराप्रमाणे भाडे भरून करून घ्यावयाचे, हे क्लाउडचे तत्त्व आपण मागील लेखांकात पाहिले. निकालाच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच घटकेस लोटतात आणि एरवी शुकशुकाट असतो, हे ध्यानी घेता हा व्यवहार किफायतीचा आहे, यात वाद नाही. वाद आहे तो दप्तराचा.

म्हैसुरास हा प्रश्न विशेष लागू पडतो, कारण घरबसल्या उच्च शिक्षण देण्याचा उद्योग तेथे जुना आहे. १९१६ साली स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठाने १९६९ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली आणि तिच्यातूनच १९९६ साली कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ उभे राहिले. टपालाने आलेले छापील पाठ एकदा हाती पडले की ते विद्यार्थ्याचे होत; पुढे अभ्यासक्रम बदलला तरी कपाटातले पाठ परत मागावयास कोणी येत नसे. आता खाते बंद झाले की व्याख्याने, स्वाध्याय आणि त्यांवरील प्राध्यापकांचे शेरे, सारेच एकदम दृष्टीआड होते. मात्र कोणी रात्री किती वाजता कोणता पाठ उघडला आणि मुदत संपावयास किती मिनिटे उरली असता उत्तर धाडले, याची बारीक नोंद पलीकडे राहू शकते.

भाड्याच्या शर्तीही पालटतात. शैक्षणिक संस्थांना अमर्याद साठवण देणाऱ्या गूगलने २०२१ साली ती सवलत आवरती घेण्याचे जाहीर करून एका संस्थेस सामाईक १०० टेराबाइटांची मूळ मर्यादा घातली, तेव्हा फुकटच्या भरवशावर चित्रफिती रचीत गेलेल्या संस्थांना आवराआवर करणे भाग पडले. फुकट म्हणजे कायमचे, असे त्यांना कोणी सांगितले होते, कोण जाणे!

दप्तराची किंमत अडचणीच्या वेळी कळते. उपरोक्त मुक्त विद्यापीठाची मान्यता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली काढली व २०१८ मध्ये पुन्हा दिली. असे प्रसंग आले म्हणजे कोण कोणत्या वर्षी दाखल झाला, हे तारीखवार सिद्ध करण्यावर पदवीची मातबरी अवलंबून राहते. त्यात आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून पुरे करण्याची मुभा दिल्यामुळे, परसंस्थेत मिळवलेले श्रेयांकही विद्यापीठाच्या दप्तरी रुजू करून घ्यावे लागतात.

सबब, करार संपल्यावर नोंदी किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळतील आणि कंपनीकडील प्रती केव्हा नष्ट होतील, ही कलमे सही होण्यापूर्वीच पाहिली पाहिजेत. दुसरा मार्ग स्वतःच्या यंत्रावर प्रणाली चालवण्याचा: २००२ पासून चालत आलेल्या मूडल या मुक्त अध्यापन-प्रणालीत अख्खा अभ्यासक्रम एका धारिकेत बांधून दुसऱ्या यंत्रावर उघडता येतो. परंतु ती सांभाळावयास स्वतःची माणसे लागतात आणि ती पगाराशिवाय मिळत नाहीत. करार वाचण्याचे काम बहुधा संगणक विभागाच्या गळ्यात पडते, वास्तविक दप्तराचा रक्षक कुलसचिव असतो. त्याच्या टेबलावर जावयाचा मसुदा कसा असावा, ते कलमवार पुढील आठवड्यात.