डोंगराचे चित्र शिकावे कसे?

तुमच्या मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि एक नारळ. जुईनगरात काढा की जालन्यात, चित्र तेच! ही नक्कलच झाली. पण कुणाची, ते मुलालाही ठाऊक नसते.

नक्कल करायचीच तर जाणत्याची करावी. त्यात कमीपणा नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. निसर्गचित्रासाठी कोल्हापूरचे अबालाल रहिमान पाहावेत. शाहू महाराजांच्या दरबारचे हे चित्रकार १९३१ साली वारले. कोटितीर्थाचा, रंकाळ्याचा परिसर त्यांनी रंगवला. औंधला जाणे झाले तर १९३८ साली स्थापन झालेल्या भवानी संग्रहालयात मुलांना जरूर न्या. छापील चित्रातले रंग फसवे असतात, मूळ चित्र पाहिल्यावर ते कळते.

घरी पोस्टकार्डाएवढा कागद पुरे. आधी रंगाला हात लावू नये. पेन्सिलीने तीनच छटा भराव्यात: फिकी, मध्यम, गडद. दूरचा डोंगर फिका आणि बांधावरची बाभूळ गडद का, हे तिथेच उमगते. मग एकाच रंगात तेच चित्र, आणि नंतर सगळे रंग. जलरंगात पाण्याची चकाकी दाखवायला कागद कोरा राखावा लागतो, म्हणून फिक्याकडून गडदाकडे जावे. कुठे चुकले ते दिसेना, तर दोन्ही चित्रे उलटी धरून पाहा. खाली ‘अमुकांच्या चित्रावरून’ असे लिहायला मात्र विसरू नका.

अशा दहाएक नकला झाल्या, की मुलाला बाहेर काढा. जुईनगरला पूर्वेस पारसिकच्या डोंगराची लांबलचक रांग, पश्चिमेस खाडी नि खारफुटी. मधली भातखाचरे मात्र गेली. १९७० साली सिडको आली, जमिनी संपादित झाल्या आणि इमारती उठल्या. ती खाचरे आता जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढेच आहेत. आजोबांना शेजारी बसवावे. बांध कुठून जायचा, उघाडी कुठे होती, खळे कोणत्या अंगाला, ते सांगत जातील आणि नातू पेन्सिलीने काढत जाईल. छटा भरायला तो शिकलेलाच आहे. हे काम पुढच्या सुटीवर टाकू नका.