समोरचा दिवा दिसला म्हणजे आपण दिसलो?

अंधाराचे महिने ही थंड देशांची काळजी, आपल्याकडे बाराही महिने लख्ख उजेड, असं पुष्कळांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. बेळगावात जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारासच बुडतो. जानेवारीत तो उगवायलाच सात वाजून जातात. म्हणजे संध्याकाळचा तास गेला आणि सकाळचाही तास गेला. त्यात आपल्या भागात तिन्हीसांज रेंगाळत नाही. सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. क्लासहून परतणारी पोरं, डेअरीत दूध घालायला निघालेली माणसं, पहाटे फिरायला जाणारे वयस्कर लोक, सगळेच त्या काळोखात सापडतात.

आणि नेमके हेच महिने गळिताचे. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, सगळ्यांची धुराडी पेटलेली असतात. रात्र म्हणून ऊस थांबत नाही. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. कार्तिकी-माघीच्या दिंड्या आणि सौंदत्तीला निघालेले यल्लम्माचे भक्तही याच दिवसांत पायी चालतात. त्यामुळे इथल्या रस्त्यांवरचे गैरसमज इथल्याच उदाहरणांनी तपासलेले बरे.

सगळ्यांत घातक समज असा: ‘गाडीचा दिवा मला एवढा लांबून दिसतोय, म्हणजे ड्रायव्हरलाही मी दिसत असणारच.’ पायी चालणारा जवळजवळ प्रत्येक जण मनात हेच धरून चालतो. दिवा स्वतः उजेड फेकतो म्हणून तो किलोमीटरभरावरून दिसतो. आपण दिसतो ते आपल्यावर पडून परतलेल्या उजेडामुळे, आणि गडद कपडे तो उजेड जवळपास गिळूनच टाकतात. डिपरवर असलेल्या गाडीला गडद कपड्यांतला माणूस साधारण 25 ते 30 मीटरवर आल्यावरच नीट कळतो. आता हिशेब करा. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. ड्रायव्हरला दिसून, डोक्यात शिरून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 20 मीटर लागतात. एकूण 45. माणूस दिसला 30 वर. ड्रायव्हर दारू प्यायलेला नाही, झोपलेला नाही, ब्रेकही शाबूत आहेत, तरी अपघात होतो. हीच गाडी ताशी 40 ने येत असती तर 26 मीटरच्या आसपास थांबली असती. रात्री वेग कमी ठेवायचा तो या 20 मीटरांसाठी.

‘आम्ही पांढरेच कपडे घालतो.’ वारकऱ्यांचं हे म्हणणं खरं आहे, नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौडीला निघणाऱ्या बेळगावच्या पोरांचंही. पांढऱ्याने फरक पडतोच, काळ्याच्या जवळपास दुप्पट अंतरावरून माणूस दिसतो. पण तेवढ्याने हायवेवर भागत नाही. गाडी ताशी 80 ने येत असेल तर तिला थांबायला 70 मीटरच्या आसपास लागतात, आणि निपाणी ते बेळगाव हायवेवर 80 ने जाणारा आपल्याला हळू जाणारा वाटतो. प्रकाश परतवणारी पट्टी मात्र सव्वाशे-दीडशे मीटरवरूनही चमकते.

ही पट्टी कुठे लावायची याचाही गैरसमज आहे. बहुतेक जण पाठीवर किंवा पिशवीवर लावतात. गुन्नार योहान्सन नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 मध्ये माणसाच्या सांध्यांवर छोटे दिवे लावून बाकी सगळा अंधार केला होता. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना नुसते ठिपके दिसले. तो चालायला लागला आणि कुणीतरी माणूस चालतोय हे क्षणात ओळखू आलं. पाठीवरची स्थिर पट्टी लांबून मैलाचा दगड वाटू शकते, फाटकाचा खांबही वाटू शकते. घोट्यांवरच्या दोन पट्ट्या पुढेमागे हलतात आणि पायी माणूस आहे हे ओरडून सांगतात. दिंडीतल्या प्रत्येकाला मंडळाने घोट्याला बांधायच्या दोन पट्ट्या द्याव्यात, हे मी मनापासून सुचवतो. बॅनरवर होणाऱ्या खर्चाचा थोडा भाग त्याला पुरेल. दिंडीच्या शेवटच्या माणसाकडे लाल दिवा आणि पहिल्याकडे पांढरा दिवा हवा. आणि एकटेदुकटे चालत असाल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे येणारी गाडी पाठीवर येणार नाही, तोंडासमोर येईल.

पोपटी जाकिटाबद्दल थोडक्यात. तो भडक रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला कामाचा, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर उजळतो. रात्री हेडलाइटपुढे तो रंग फिका पडतो. तेव्हा काम करतात ते त्यावरचे चंदेरी पट्टे. पट्टे नसलेलं पोपटी जाकीट घेऊ नका.

आता ट्रॉलीकडे येऊ. ‘रेडियम लावलंय की मागं,’ असं ट्रॅक्टरवाला सांगतो आणि ते खोटं नसतं. ट्रॉलीला मागे लाल परावर्तक हवेत, हे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे. पण भरलेल्या ट्रॉलीमागे एकदा उभं राहून बघा. उसाचे शेंडे फळ्यांच्या बाहेर हात-दोन हात लोंबत असतात आणि वाढ्याची पानं बरोबर त्या पट्टीवर पडदा धरतात. रिकामी ट्रॉली लांबून चमकते, भरलेली दिसत नाही. पानं नसली तर पट्टीवर रानातला चिखल वाळून चिकटलेला असतो. या पट्टीत स्वतःचा उजेड काहीच नसतो. तिच्यातले काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम आलेला उजेड आल्या दिशेने परत पाठवतात, आणि वर मातीचा थर बसला की ते काम थांबतं. दोन ट्रॉल्या असतील तर पट्टी शेवटच्या ट्रॉलीच्या अगदी दोन्ही टोकांना हवी, म्हणजे रुंदी कळते. मधोमध एकच लाल ठिपका असेल तर मागच्याला ती मोटरसायकल वाटते आणि तो बाजूने काढायला जातो. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असली की मागचा हॉर्नही ऐकू जात नाही.

बैलगाडीचं दुखणं याहून मोठं आहे. ‘खाली कंदील टांगलाय, बास झालं,’ ही जुनी समजूत. कंदिलाने गाडीत उजेड आहे हे कळतं, पण ती केवढी रुंद आहे, हलतेय की उभी, हे कळत नाही. बैलांचे डोळे दिव्यात चमकतात खरे, पण ते समोरून येणाऱ्याला. मागून येणाऱ्यापुढे असते तासाला तीन-चार किलोमीटरने सरकणारी उसाची काळी भिंत. गाडीवान बहुतेक वेळा परमुलखातून आलेला, दिवसभर तोडणी करून रात्री गाडी हाकणारा माणूस असतो. त्याने स्वतः पट्ट्या विकत घ्याव्यात ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्याचा ऊस जातो आणि ज्याच्या गव्हाणीत पडतो, त्या दोघांनी ते पाहावं. गाडी रिकामी होऊन परत निघताना फाटकाशी कुणीतरी ओल्या फडक्याने पट्टी पुसावी, आणि भरताना टोळीने शेंडे वर ओढून दोरीने आवळावेत.

गाडी वाटेत पंक्चर झाली की मागे चार दगड आणि झाडाची फांदी टाकायची रीत आहे. दगड अंधारात दिसत नाहीत, आणि चाक बसवून गाडी गेली तरी तिथेच राहतात. मग त्याच रात्री मागून येणारा मोटरसायकलवाला त्यावर आदळतो. घडीचा लाल त्रिकोण जवळ ठेवावा आणि तो गाडीला चिकटून न ठेवता किमान 50 मीटर मागे ठेवावा. दगड ठेवलेच, तर निघताना उचलावेत.

‘अप्पर लावला की जास्त दिसतं.’ मोकळ्या रस्त्यावर हो. समोरून गाडी आली की दोघांनीही अप्पर ठेवला तर दोघांच्या मधला सायकलवाला दोघांनाही दिसत नाही, आणि दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद जातात. अशा वेळी नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवून वेग कमी करावा. तवंदी घाटात धुकं उतरतं तेव्हा तर अप्पर उलटाच पडतो. तो उजेड धुक्याच्या थेंबांवरून आपल्याच डोळ्यांत परत येतो, म्हणून धुक्यात डिपरच ठेवायचा. 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम चालूच असतो, पण मागचा लाल दिवा बंद पडला तर चालवणाऱ्याला तो दिसत नाही. तो रोज उतरून पाहावा लागतो.

आपली ट्रॉली, गाडी किंवा सायकल रात्री दिसते का, हे तपासायला यंत्र लागत नाही. अंधार पडल्यावर माल भरलेल्या अवस्थेत ती उभी करा, मागे शंभर पावलं चालत जा आणि बॅटरी कानाजवळ, डोळ्यांच्या उंचीला धरून उजेड टाका. बॅटरी कमरेला धरली तर फसाल, कारण पट्टी उजेड आला तिकडेच परतवते. दोन्ही टोकं चमकली तर ठीक. एकच चमकलं किंवा काहीच दिसलं नाही, तर आधी पानं बाजूला करा, मग पट्टी पुसा, आणि तरीही अंधारच राहिला तर ती पट्टी मेलेली आहे, नवी लावा.