आकाश निरभ्र, तरी पूर

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोंदिया जिल्ह्यात वैनगंगा नदीला महापूर आला, तो मुख्यतः मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाच्या विसर्गाने. म्हणून नागझिरा अभयारण्य किंवा हाजरा धबधब्याच्या ओढीने पावसाळ्यात गोंदियाला येणाऱ्या परदेशी प्रवाशाने डोक्यावरचे आभाळ पाहून निर्धास्त होऊ नये. वरच्या धरणातून किती पाणी सुटले, हे आधी विचारावे, आणि पाण्याखाली गेलेला पूल ओलांडू नये.

'गावकरी अशा पुलावरून जातातच की!' हा आक्षेप खोटा नाही. पण रोजच्या वाटेचा कठडा कुठे संपतो, हे त्यांना ठाऊक असते (तरीही तेही वाहून जातातच). पाहुण्याला ते ठाऊक नसते, आणि गाडीचा भरवसा तर फसवाच. छोट्या मोटारीचा तळ सुमारे सहा चौरस मीटर. तळाच्या वर 15 सेंटिमीटर पाणी चढले की ते गाडीला जवळपास 900 किलोच्या जोराने वर उचलते. तेवढेच तिचे वजन! मग चाकांची पकड सुटते आणि प्रवाह तिला ओढून नेतो. पाण्याखाली रस्ता उरलाच आहे, याची तर खात्रीच नसते. पूल बुडाला असेल तर मुक्काम वाढवावा, दूतावासाला कळवावे आणि अडकल्यास 112 क्रमांक फिरवावा.