सफारीचं भाडं कोणाच्या खात्यात?

आम्ही चौघी मैत्रिणी केनियातल्या मसाई माराला जाऊन आलो. सिंह, हत्ती, झेब्रे पाहिले. ते तुम्ही टीव्हीवरही पाहता. आज बोलायचंय ते तिथल्या जमिनीबद्दल.

माराच्या अभयारण्याला कुंपण नाही. जनावरं शेजारच्या मसाई लोकांच्या कुरणात सर्रास येतात. म्हणून तिथले जमीनमालक एकत्र येऊन आपली जमीन पर्यटन कंपन्यांना भाड्याने देतात. त्या जमिनीवर राहायचं नाही, कुंपण घालायचं नाही, गुरंही ठरल्याप्रमाणेच चारायची. बदल्यात भाडं मिळतं. पाऊस नसला तरी हा पैसा येतो. पर्यटक नसले तर मात्र अडतं. 2020 मध्ये कोरोनात तेच झालं.

पण पैसा येतो कोणाच्या खात्यात? ही जमीन पूर्वी सामाईक होती. वाटप झालं तेव्हा कागदावर नावं लागली ती बहुतेक पुरुषांची. शेणामातीचं घर बाई बांधते, गाईची धार बाई काढते, पाणी-सरपण तीच आणते; भाडं मात्र नवऱ्याच्या नावावर. आपल्या घरचा सातबारा काढून बघा, कोणाचं नाव आहे ते.

बाईच्या हाती पडतो तो मण्यांच्या माळांचा पैसा. मध्ये दलाल आला की तोही कमी होतो. आम्ही माळा घेतल्या त्या ओवणाऱ्या बायकांकडूनच, आणि घासाघीस केली नाही.