दुकानातलं रेकॉर्डिंग आणि कापला गेलेला 'नाही'

व्हिडिओतले गॅप आपोआप कापायला सॉफ्टवेअर लावलं, पण एक तर गॅप तसेच राहतात, नाहीतर शब्दच उडतात. तुमचंही असंच होतंय का?

सॉफ्टवेअरला शांतता कळत नाही, आकडे कळतात. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात मोठा आवाज म्हणजे 0 डेसिबल, बाकी सगळे मायनसमध्ये. तुम्ही एक रेषा द्यायची. आवाज ठरावीक वेळ त्या रेषेखाली राहिला की ती झाली शांतता. मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीच्या 'ट्रंकेट सायलेन्स'मध्ये ही रेषा आधीच -20 वर आणि वेळ अर्ध्या सेकंदावर असते. एफएफएमपेगच्या 'सायलेन्सडिटेक्ट'मध्ये -60 आणि 2 सेकंद.

आता आमचं लोणी काळभोर बघा. एकीकडे सोलापूर हायवे, दुसरीकडे पुणे-दौंड रेल्वे लाइन, आणि दुकानात फ्रिज, पंखा. इथे तुम्ही गप्प बसलात तरी आवाज -60 च्या खाली जाणं अवघडच. म्हणजे गॅप सापडतच नाहीत. आणि -20 ठेवलं तर हळू बोललेलं सगळं शांततेत जमा!

खरा धोका इथेच आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'नाही' पण शेवटीच, आणि तिथे आपला आवाज उतरतो. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' यातला 'नाही' उडाला तर काय उरतं? गिऱ्हाईक तोच व्हिडिओ दाखवत काउंटरवर उभं राहील, आणि त्याचं चूकही नसेल.

म्हणून सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड करा. पंखा, फ्रिज चालू असू द्या, रोजच्यासारखं. समजा मीटर -45 दाखवतोय, तर रेषा -40 च्या आसपास ठेवा. मग तुमचे वाक्याच्या शेवटचे शब्द कुठे येतात ते बघा. तेही -40 लाच घुटमळत असतील तर रेषा सरकवून उपयोग नाही, माइक जवळ घ्या. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबल वाढतो, फ्रिज आहे तिथेच राहतो. साधा कॉलर माइकही चालतो. (महागडा माइक लांब ठेवून काय करायचंय?)

गाडी जात असेल तर थांबा, ती गेल्यावर वाक्य पुन्हा बोला.

अपलोड करण्याआधी भाव, गॅरंटी, उधारी, परतीची वाक्यं तेवढी इयरफोन लावून ऐका. 'नाही' पूर्ण ऐकू आला पाहिजे.