मोझरीची खंजिरी, मुंबईची गिटार

नागपूर-अमरावती हायवेवर गुरुकुंज मोझरी आलं, की कानातले हेडफोन्स जरा काढाच. इथल्या तुकडोजी महाराजांनी हातात फक्त खंजिरी घेतली आणि स्वतः रचलेली भजनं गात गावंच्या गावं जागी केली. 1942 मध्ये तर इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. ना ड्रम्स, ना अ‍ॅम्प!

पण इंग्रजी रॉक वाजवायचा, तर गाणी स्वतःची कशी? मुंबईत 1984 मध्ये सुरू झालेल्या 'रॉक मशीन'पुढे हाच प्रश्न होता. पब्लिकला हव्या असायच्या फॉरेनच्या बँड्सच्या हिट्स. तरी उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला. 1993 मध्ये तर नावच बदललं, 'इंडस क्रीड'! चाललेलं नाव सोडायचं म्हणजे डेरिंगच राव.

मग म्युझिक चॅनल्सवर हिंदी पॉपची लाट आली, इंग्रजी गाणी मागे पडली आणि 1997 मध्ये बँड फुटला. 2010 मध्ये मंडळी परत एकत्र आली आणि 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. आधीचा अल्बम 1995 चा, म्हणजे मध्ये तब्बल 17 वर्षं! ऐकायचाच असेल, तर हाच आधी ऐका.